कोरल सिम्फनी पहिल्यांदा ऐकताना: नवख्या कानांसाठी पायरीपायरीने

बीथोव्हनची नववी सिम्फनी ऐकायला बसलेले बरेच जण मध्येच उठतात. तक्रार ठरलेली: "पाऊण तास झाला, नुसती वाद्यंच वाजतायत. गाणं कुठंय?" मग कुणीतरी सांगतं, शेवटची वीस मिनिटं ऐक, बाकीचं सोडून दे. हा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. तो पाऊण तास वगळला तर शेवटी फक्त एक गोड चाल हाती लागते, आणि ती चाल तर मोबाईलच्या रिंगटोनमध्येही मिळते. कोरल सिम्फनीत माणसाचा आवाज कशानंतर येतो आणि का येतो, हे एकदा ध्यानात आलं की एरवी डोंगराएवढी वाटणारी ही रचना चढता येते.

मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढले. एका वेळी एकच सूर, मागे तानपुरा, आणि सगळं लक्ष गायकाकडे, ही माझ्या कानाची सवय. शंभर माणसं एकाच वेळी चार वेगवेगळ्या ओळी गातात तेव्हा नेमकं कुणाकडे लक्ष द्यायचं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. जे हळूहळू उमगत गेलं ते इथे क्रमाने मांडते आहे. स्वरलिपी वाचता येत नसली तरी काही अडणार नाही.

१. आधी ओळख पटवून घ्या

सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. तिचे सहसा चार भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. वाद्यवृंदाबरोबर गायकांचा समूह, म्हणजे कॉयर किंवा कोरस, रचनेचाच भाग म्हणून गात असेल तर ती कोरल सिम्फनी. जोडीला बहुधा दोन-चार एकल गायकही असतात.

इथे पहिली गफलत होते. शोधायला गेलं की हँडलचा 'मसाया' आणि मोझार्टचं 'रेक्विएम' सारखं समोर येतं. दोन्ही थोर आहेत, पण पहिला ऑरेटोरिओ, म्हणजे धार्मिक विषयावरची गायनरचना, दुसरी मृतांसाठीची प्रार्थना. तिथे गाणं पहिल्यापासून केंद्रस्थानी असतं. गफलतीचा दुसरा प्रकार म्हणजे गायक आहे पण कॉयर नाही अशा सिम्फनी. माहलरच्या चौथ्या सिम्फनीत शेवटी एकटी सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) गाते. झेमलिन्स्कीच्या 'लिरिक सिम्फनी'त (१९२४) रवींद्रनाथांच्या कविता जर्मन अनुवादात आहेत, पण गायक दोनच. जरूर ऐका, मात्र त्यात कोरस शोधत बसू नका.

कोरल सिम्फनीचे ऐकण्याच्या दृष्टीने दोन गट पडतात. एकात आवाज उशिरा येतो: बीथोव्हनची नववी, माहलरची दुसरी, लिस्टची 'फाउस्ट'. दुसऱ्यात कॉयर सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतो: व्हॉन विल्यम्सची 'अ सी सिम्फनी', माहलरची आठवी, स्ट्रॅविन्स्कीची 'सिम्फनी ऑफ साम्स', शोस्ताकोविचची तेरावी. ऐकायला बसण्यापूर्वी हातातली रचना कुठल्या गटातली आहे ते बघून ठेवा. पहिल्या गटात वाट पाहायची असते, दुसऱ्यात शब्द धरून चालायचं असतं.

२. हाताशी काय काय हवं

- कानावर बसणारे बरे हेडफोन किंवा खर्ज नीट देणारे स्पीकर. मोबाईलचा स्वतःचा स्पीकर चालणार नाही. नवव्या सिम्फनीतली प्रसिद्ध चाल पहिल्यांदा येते ती चेलो आणि डबल बास या मोठ्या तंतुवाद्यांवर, अगदी हळू आणि खालच्या सुरांत. मोबाईलवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ज्यासाठी इतका वेळ थांबलो तो क्षणच निसटतो.
- गायल्या जाणाऱ्या शब्दांचा कागद: मूळ शब्द एका बाजूला, समजेल त्या भाषेतला अर्थ दुसऱ्या बाजूला. सीडीच्या पुस्तिकेत तो असतो. नसेल तर 'लीडरनेट' या संकेतस्थळावर पाश्चात्त्य गीतांचे मूळ शब्द आणि अनेकांचे अनुवाद मिळतात.
- जाहिराती नसलेलं ध्वनिमुद्रण. कॉयर कुजबुजत्या आवाजात सुरू होतोय आणि तेवढ्यात साबणाची जाहिरात, हा अनुभव कुणाच्या वाट्याला येऊ नये.
- पेन्सिल. आवाज कितव्या मिनिटाला आला ते कागदावर टिपून ठेवलं की दुसऱ्या खेपेला वाट चुकत नाही.
- सलग वेळ. नवव्या सिम्फनीला साधारण सत्तर मिनिटं, माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीला ऐंशी ते नव्वद.

स्कोअर पाहायची हौस असेल तर हक्कमुक्त रचनांची स्वरलिपी 'आयएमएसएलपी'वर फुकट मिळते. व्होकल स्कोअर उतरवून घ्या. त्यात वाद्यवृंद पियानोच्या दोन ओळींत आवळलेला असतो आणि गायकांच्या ओळी मोकळ्या दिसतात.

अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी आधी बघून घ्या. 'शफल' बंद हवं, नाहीतर दुसऱ्या मूव्हमेंटनंतर भलत्याच संगीतकाराची चौथी सुरू होते. आणि दोन ट्रॅकमध्ये अंतर न ठेवण्याची सोय चालू हवी, कारण अनेक ठिकाणी एक मूव्हमेंट न थांबता पुढच्या मूव्हमेंटमध्ये शिरते. नवव्या सिम्फनीची अखेरची मूव्हमेंट पुष्कळ मुद्रणांत दोन किंवा जास्त ट्रॅकमध्ये तोडलेली असते. नाव बघून गाण्याच्या ट्रॅकवर थेट जाऊ नका. त्याच्या आधीचा ट्रॅक त्याच मूव्हमेंटचा पूर्वार्ध आहे.

३. कानाला चार आवाजांची सवय लावा

कॉयरमध्ये वरून खाली चार थर असतात: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. पहिले दोन बायकांचे, पुढचे दोन पुरुषांचे. आपला कान सवयीने सर्वांत वरच्या सोप्रानोला धरतो आणि बाकीचे तीन थर नुसती भरती आहेत असं समजतो.

यावर उपाय सोपा आहे. कॉयरचा दोन मिनिटांचा तुकडा निवडा. पहिल्यांदा मोकळेपणाने ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास ऐका, वरचं काहीही होवो. तिसऱ्यांदा टेनर. आल्टो सगळ्यात अवघड, कारण ती मध्ये दडलेली असते. तिच्यामागे आत्ताच लागू नका. बास धरता आला की रचनेला जमीन मिळते. वरची चाल तीच असूनही भाव का बदलला, याचं उत्तर पुष्कळदा बासच्या सुरात सापडतं.

गोव्याच्या वाचकांना ही पायरी जड जाणार नाही. चर्चमधला कॉयर आणि दोन आवाजांत गायला जाणारा मांडो ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडला, त्यांना सूर एकमेकांच्या सोबतीने कसे चालतात ते ठाऊक असतं.

ख्याल ऐकणाऱ्यांकडे वेगळंच भांडवल आहे. बंदिशीचे दोन ओळींचे शब्द तासभर वेगवेगळ्या अंगांनी फिरताना आपण ऐकलेले असतात. कॉयरचंही तसंच असतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, कधी सगळे मिळून गातात, कधी एक गट सुरू करतो आणि दुसरा त्याच्या मागून तीच ओळ उचलतो. या पाठोपाठच्या उचलण्यातून जे उभं राहतं त्याला फ्यूग म्हणतात. फ्यूग सुरू झाला की शब्द शोधणं सोडा. दर वेळी ती ओळ कुणाच्या तोंडी आली एवढंच मोजा.

४. सुरुवात 'कोरल फँटसी'ने करा

ही सिम्फनी नाही, तरी पहिल्या दिवशी हीच ऐका. बीथोव्हनची ही रचना वीस मिनिटांच्या आसपासची आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात झालेल्या प्रदीर्घ मैफलीत त्याच्या पाचव्या आणि सहाव्या सिम्फनीबरोबर ती पहिल्यांदा वाजली. आधी एकटा पियानो, मग वाद्यवृंद, मग चालीची निरनिराळी रूपं, आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत गायक. नवव्या सिम्फनीत जे सोळा वर्षांनी भव्य रूपात आलं त्याचा आराखडा इथे दिसतो. चालसुद्धा बहीण शोभावी इतकी जवळची आहे. आवाज उशिरा आला की काय होतं याची चव इथे थोडक्यात मिळते.

५. आता नववी, पूर्ण

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नाच्या कर्न्टनरटोर नाट्यगृहात ही सिम्फनी पहिल्यांदा सादर झाली. बीथोव्हनला तोवर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तो मंचावर होता, पण वादकांची नजर वाद्यवृंद चालवणाऱ्या दुसऱ्या संचालकाकडे होती. टाळ्यांचा गजर सुरू झाला तरी त्याला कळलं नाही, तेव्हा आल्टो गायिका कॅरोलीन उंगर हिने त्याला श्रोत्यांकडे वळवलं. आवाजासाठी घेतलेले शब्द जर्मन कवी शिलरच्या आनंदावरच्या कवितेचे आहेत. ती कविता १७८५ सालची. बीथोव्हनने ती अख्खी घेतली नाही, हवी ती कडवी निवडली आणि आपल्या क्रमाने लावली. म्हणून इंटरनेटवरची पूर्ण कविता समोर ठेवून ऐकलंत तर गोंधळ होईल. सिम्फनीतलेच शब्द शोधा.

पहिल्या तीन मूव्हमेंटमध्ये एवढंच लक्षात ठेवा. पहिली जणू काहीच नसल्यातून उगवते: व्हायोलिनचे तुटक दोन-दोन सूर, आणि मग सगळ्या वाद्यवृंदाचा कोसळता आघात. ती कठोर आहे, तिला कठोरच राहू द्या. दुसरी वेगवान, टिंपनी नावाच्या नगाऱ्यांच्या ठोक्यांनी भरलेली. तिसरी संथ, या सिम्फनीतली सर्वांत सुंदर जागा असं मी बिनदिक्कत म्हणेन. तिथे घाई करू नका. या तिन्हींची सुरुवातीची ओळख, निदान पहिले काही सूर, मनात ठेवा. पुढे त्याचीच परीक्षा आहे.

चौथी मूव्हमेंट टप्प्याटप्प्याने अशी उलगडते. ती सुमारे चोवीस मिनिटांची असते. मिनिटं ढोबळ आहेत, संचालकागणिक बदलतात.

सुरुवातीला एक कर्कश धमाका होतो, कान दचकतो. लगेच चेलो आणि डबल बास बोलल्यासारखं काही वाजवतात, शब्द नसलेलं भाषणच. मग पहिल्या मूव्हमेंटचा तुकडा येतो, खर्जातली वाद्यं त्याला थांबवतात. दुसऱ्या मूव्हमेंटचा येतो, तोही नाकारला जातो. तिसऱ्याचा येतो, त्याच्यापाशी क्षणभर मन रेंगाळतं, पण तोही बाजूला सारला जातो. ज्यांनी आधीचा पाऊण तास गाळला त्यांना हा सगळा संवाद अर्थहीन वाटतो. ज्यांनी ऐकला त्यांना दिसतं की बीथोव्हन आपलंच मागचं काम एकेक करून समोर ठेवतो आहे आणि म्हणतो आहे, हे पुरेसं नाही.

तिसऱ्या मिनिटाच्या आसपास ती चाल येते, खर्जात, एकटी, सोबत कुणी नाही. मग व्हायोला तिला उचलतात आणि बासून हे खर्जातलं फुंकवाद्य तिच्याभोवती आपली वेगळी ओळ विणतं, मग व्हायोलिन, मग सगळे. अजून एक शब्दही उच्चारलेला नाही.

सहाव्या मिनिटाच्या आगेमागे तो कर्कश धमाका पुन्हा होतो आणि पहिल्यांदाच माणूस बोलतो. बॅरिटोन, म्हणजे टेनर आणि बास यांच्या मधल्या आवाजाचा गायक, उभा राहून म्हणतो: मित्रांनो, हे सूर नकोत, आपण काहीतरी अधिक सुखाचं आणि आनंदाचं गाऊ या. या ओळी शिलरच्या नाहीत, बीथोव्हनने स्वतः लिहिल्या आहेत. खर्जातली वाद्यं मघाशी जे बोलल्यासारखं वाजवत होती, तेच आता शब्दांत आलं. ही एक जागा नीट ऐकलीत तर कोरल सिम्फनी या प्रकाराचं मर्म तुमच्या हाती आलं.

पुढे कॉयर चाल उचलतो. एका उंच सुरावर सगळं थबकतं, आणि शांततेतून बासून व मोठा ढोल हलकेच ठेका धरतात. त्यावर पिकोलो (छोटी बासरी), ट्रँगल, झांजा आणि टेनरचं एकल गाणं. या ठेक्याला तुर्की बँडची ढब आहे. उदात्ततेच्या मधोमध हे रस्त्यावरचं संगीत कशाला, असं वाटेल. पण सगळी माणसं भाऊ होतील असं जी कविता म्हणते, तिच्यात रस्त्यावरच्या शिपायांनाही जागा हवीच. त्यानंतर वाद्यांचा फ्यूग, आणि मग पूर्ण कॉयरच्या तोंडी ती चाल तिच्या सगळ्या तेजानिशी येते.

नवखे लोक इथे संपलं असं समजतात. थांबा. यानंतर ट्रोम्बोन आणि पुरुषांचे आवाज, कोट्यवधींनो आलिंगन घ्या, ही ओळ संथपणे घेऊन येतात. चर्चमधल्या प्रार्थनेचा रंग येतो. मग ही नवी ओळ आणि जुनी चाल दोन्ही एकदम, एकमेकींत गुंतून, दुहेरी फ्यूगमध्ये धावतात. तिसऱ्या पायरीतला सराव इथे कामी येतो. सोप्रानो एका उंच सुरावर दहापेक्षा जास्त बार (तालाचे छोटे खंड) तग धरून राहतात. गाणाऱ्यांना विचारा, ही मूव्हमेंट गळ्याची किती कसोटी बघते ते.

पहिल्या खेपेला इतकं सगळं पकडता येत नाही, आणि तशी गरजही नाही. एका आठवड्यात दोनदा ऐका. दुसऱ्या वेळी कागद हातात असू द्या, पहिल्या वेळी नको.

६. लगेच वेगळं काही ऐका: स्ट्रॅविन्स्की

नववीनंतर त्याच धाटणीचं ऐकत गेलं की कान थकतो. म्हणून मी 'सिम्फनी ऑफ साम्स' सुचवते. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पन्नासाव्या वर्षासाठी स्ट्रॅविन्स्कीने ती १९३० मध्ये लिहिली. लांबी वीस मिनिटांच्या थोडी पुढे, तीन मूव्हमेंट, मध्ये खंड नाही. व्हायोलिन नाहीत, व्हायोला नाहीत, क्लॅरिनेटही नाही. त्यांच्या जागी दोन पियानो आणि फुंकवाद्यांचा ताफा. बायबलमधली स्तोत्रं लॅटिनमध्ये आहेत. भावनेचा उमाळा इथे शोधू नका, दगडी मंदिराच्या गाभाऱ्यातला थंडावा आहे. शेवटची पाच मिनिटं कॉयर जवळजवळ एका जागी स्थिर होऊन गातो, खाली वाद्यं तेच चार सूर आळवत राहतात. धृपद आवडणाऱ्यांना ही रचना फार लवकर जवळची वाटेल.

७. शब्द कळावेत अशी इच्छा असेल तर इंग्रजीतल्या रचना

जर्मन-लॅटिनचा कंटाळा आला असेल तर व्हॉन विल्यम्सची 'अ सी सिम्फनी' घ्या. १२ ऑक्टोबर १९१० रोजी, स्वतःच्या अडतिसाव्या वाढदिवशी, त्याने ती लीड्समध्ये पहिल्यांदा सादर केली. शब्द अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचे. पितळी वाद्यांची ललकारी होते आणि कॉयर पहिल्याच वाक्यात समुद्राकडे बोट दाखवतो. त्या क्षणी वाद्यवृंद ज्या तऱ्हेने उघडतो, त्याने अंगावर काटा येतो.

चौथ्या मूव्हमेंटचे शब्द व्हिटमनच्या 'पॅसेज टू इंडिया' या कवितेतले आहेत. सुवेझ कालवा खुला झाल्यावर लिहिलेल्या त्या कवितेत भारताकडचा प्रवास हळूहळू आत्म्याचा प्रवास होतो. सिम्फनी जल्लोषात संपत नाही, दूर जाणाऱ्या गलबतासारखी विरत जाते. शेवटी आवाज कमी झाला म्हणून व्हॉल्यूम वाढवू नका.

इंग्रजी शब्द आहेत म्हणजे सगळे ऐकू येतील असं मात्र नाही. कॉयरचे चार थर वेगवेगळ्या वेळी एकच शब्द उच्चारतात, त्यामुळे इंग्रजांनाही कागद लागतो.

याच वळणावर ब्रिटनची 'स्प्रिंग सिम्फनी' (अ‍ॅमस्टरडॅम, १९४९) ऐकता येईल. मुलांचा कॉयर, वसंतावरच्या जुन्या-नव्या इंग्रजी कविता, अखेरीस गाईच्या शिंगाचा आवाज. हलकीफुलकी, पाऊण तासाची. होल्स्टने कीट्सच्या कवितांवर 'कोरल सिम्फनी' लिहिली, पण खरं सांगायचं तर मला त्याचीच ऋग्वेदातल्या सूक्तांवरची कोरल गीतं अधिक भिडतात. त्यासाठी तो संस्कृत शिकला आणि अनुवादही स्वतः केले.

८. माहलरची दुसरी: पूर्ण तयारीनिशी

हिला 'पुनरुत्थान' सिम्फनी म्हणतात. पूर्ण रूपात ती १३ डिसेंबर १८९५ रोजी बर्लिनमध्ये माहलरच्याच संचालनाखाली झाली. पहिली मूव्हमेंट १८८८ मध्येच लिहून झाली होती, मृत्यूच्या वेळी कोसळणारी, अंत्ययात्रेच्या चालीची. पण शेवट कसा करायचा ते त्याला वर्षानुवर्षं सुचत नव्हतं. मार्च १८९४ मध्ये हॅम्बुर्गला संचालक हान्स फॉन ब्यूलो याच्या अंत्यविधीत कॉयरने जर्मन कवी क्लोपश्टॉकचं पुनरुत्थानाचं स्तोत्र गायलं आणि माहलरला वाट सापडली. त्याने त्या स्तोत्राची सुरुवातीची कडवी घेतली आणि पुढचे शब्द स्वतः रचले. म्हणजे इथेही बीथोव्हनसारखाच प्रश्न आहे: वाद्यांनी जे विचारलं त्याला माणसाच्या आवाजात उत्तर कधी आणि कसं द्यायचं?

ऐकताना एवढं करा:

पहिल्या मूव्हमेंटनंतर थांबा. इथे निदान पाच मिनिटं खंड घ्यावा अशी सूचना माहलरने स्कोअरमध्ये लिहिली आहे. घरी ऐकताना ती पाळणं सोपं आहे. उठा, पाणी प्या, परत या.

दुसरी आणि तिसरी मूव्हमेंट नाचाच्या अंगाच्या. तिसरीच्या शेवटाकडे वाद्यवृंदाची एक किंकाळी आहे, ती ध्यानात ठेवा. पाचवी मूव्हमेंट त्याच किंकाळीने सुरू होते.

चौथी जेमतेम पाच मिनिटांची. आल्टो एकटी, जवळजवळ पुटपुटल्यासारखी गाते. दुखातून देवाकडे जाण्याची साधी विनवणी आहे. मघापासूनच्या प्रचंड आवाजानंतर हा एकच गळा किती मोठा वाटतो ते अनुभवा.

पाचवी अर्ध्या तासापेक्षा मोठी आहे आणि तिच्यात आवाज लगेच येत नाही. मंचामागून पितळी वाद्यं ऐकू येतात, दुरून. मग जवळजवळ सगळं थांबतं, फ्लूट आणि पिकोलो पक्ष्यांसारखे बोलतात, मंचामागचे ट्रंपेट आणि हॉर्न त्यांना साद देतात. आणि मग कॉयर येतो, स्वरलिपीत लिहिता येईल तितक्या हळू आवाजात, वाद्यांच्या साथीविना. अनेक संचालक गायकांना इथे बसूनच गायला लावतात.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे. ऐकू येत नाही म्हणून लोक व्हॉल्यूम वाढवतात. पंधरा मिनिटांच्या आत ऑर्गन, घंटा, दहा हॉर्न आणि पूर्ण कॉयर एकदम येतात, तेव्हा हेडफोन काढून फेकावा लागतो. सुरुवातीला पहिल्या मूव्हमेंटचा सर्वांत मोठा आवाज सोसेल इतका व्हॉल्यूम लावा आणि मग त्याला हात लावू नका. खोली शांत करा, पंखा बंद करा.

ध्वनिमुद्रणाचं विचाराल तर मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९७५ मध्ये केलेलं मुद्रण आजही मानाचं आहे. आपल्या गावचा माणूस म्हणून नव्हे, पहिल्या मूव्हमेंटमधल्या ताणासाठी आणि गायिका ख्रिस्टा लुडविगने गायलेल्या चौथ्या मूव्हमेंटसाठी ते ऐका.

९. शोस्ताकोविचची तेरावी, मन घट्ट करून

मॉस्कोत १८ डिसेंबर १९६२ रोजी ती झाली. रशियन कवी येवतुशेन्कोच्या पाच कविता, एक बास गायक आणि फक्त पुरुषांचा कॉयर. पहिली कविता कीव्हजवळच्या बाबी यार दरीवर आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी तिथे दोन दिवसांत ३३ हजारांहून अधिक ज्यू माणसं मारली. सोव्हिएत राजवटीला ही आठवण अडचणीची होती. पहिल्या प्रयोगापर्यंत दबाव होता, नंतर कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या. त्यामुळे तुमच्या कागदावरचे शब्द आणि मुद्रणातले शब्द काही ठिकाणी जुळले नाहीत तर गोंधळू नका.

ऐकायला मात्र ही अनपेक्षितपणे सोपी आहे. कॉयर बहुतेक ठिकाणी एकाच सुरात गातो, चार थर उलगडावे लागत नाहीत. शब्दांशिवाय मात्र हिच्यातलं काहीच कळणार नाही. पुढच्या चार कविता विनोदावर, दुकानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांवर, भीतीवर आणि कारकिर्दीवर आहेत. रांगेतल्या बायकांची ती तिसरी मूव्हमेंट मी कुणालाही ऐकवायला तयार असते.

१०. कुणाचं ध्वनिमुद्रण घ्यावं

नववीसाठी कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक यांचं १९६२ चं मुद्रण सुरुवातीला उत्तम: स्पष्ट, नेटकं, सगळीकडे मिळणारं. मग जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं जॉन एलियट गार्डिनरचं ऐका. ते सुमारे तासाभरात संपतं. त्यानंतर फुर्टवेंगलरचं १९५१ चं जर्मनीतल्या बायरॉइथचं, जे जवळजवळ पंच्याहत्तर मिनिटं घेतं. एकच रचना, पाव तासाचा फरक. बीथोव्हनने दिलेल्या वेगाच्या खुणा किती अक्षरशः पाळायच्या यावर तो अवलंबून आहे. बर्नस्टाइनचं बर्लिनचं २५ डिसेंबर १९८९ चं मुद्रण बर्लिनची भिंत पडल्यानंतरचं आहे. त्यात कॉयर 'आनंद'च्या जागी 'स्वातंत्र्य' गातो. ते ऐकाच, पण पहिलं म्हणून नको.

'सर्वोत्कृष्ट' अशा नावाच्या संकलनांपासून दूर राहा. त्यांत शेवटच्या मूव्हमेंटचे चार-पाच मिनिटांचे तुकडे असतात.

११. प्रत्यक्ष ऐकायला जाताना

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात. कार्यक्रम आधी जाहीर होतात. त्यात कॉयर असलेली रचना दिसली की तिकीट लगेच काढा, अशा संधी विरळ असतात. लहान मुलांना प्रवेश आहे का, तेही आधी पाहून घ्या. लंडनमध्ये राहणाऱ्यांची चंगळ आहे: रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या उन्हाळी 'प्रॉम्स' संगीत महोत्सवात नववी जवळजवळ दरवर्षी असते आणि उभं राहून ऐकण्याची तिकिटं स्वस्त असतात. जर्मनीत लाइपझिगला वर्षअखेरीस नववी वाजवण्याची जुनी प्रथा आहे. जपानमध्ये तर डिसेंबरभर ठिकठिकाणी ती गायली जाते, आणि हौशी माणसं वर्षभर तालीम करून कॉयरमध्ये उभी राहतात.

सभागृहात दोन गोष्टी सांभाळा. दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. आणि उशीर करू नका. सुरू झाल्यावर आत सोडतील तेव्हा पहिली मूव्हमेंट गेलेली असेल.

जागा निवडताना पहिल्या रांगांचा मोह टाळा. कॉयर वाद्यवृंदाच्या मागे उभा असतो. पुढे बसलात तर व्हायोलिनची भिंत आड येते आणि गायक दिसतही नाहीत. बाल्कनीत मधल्या भागात बसा. तिथून चारही गट वेगवेगळे दिसतात, बास कुठे उभे आहेत ते नजरेने हेरता येतं, आणि फ्यूग सुरू झाला की ओळ एका गटाकडून दुसऱ्याकडे जाताना डोळ्यांनीही पाहता येते. माहलरची आठवी अशाच बाल्कनीसाठी राखून ठेवा. म्युनिकला १२ सप्टेंबर १९१० रोजी तिच्या पहिल्या प्रयोगात हजारावर कलाकार मंचावर होते. हेडफोनमध्ये ती मावत नाही.